परत, प्रत आणि ‘डिजिटल परतफेड’

प्रश्न असा आला आहे: संग्रहालयातल्या वस्तूंचे फोटो आणि नोंदी मूळ समाजाला इंटरनेटवर खुल्या करतात, त्याला ‘डिजिटल परतफेड’ म्हणावं का? उदाहरण दिलंय कॅनडातल्या ‘इनुइट्स’चं, म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या मूळ रहिवाशांचं.

आधी ते ‘इनुइट्स’ थांबवा. इनुइट हेच अनेकवचन. एकटा तो इनुक. (दोघे असतील तर इनूक. चक्क द्विवचन! आपण ते संस्कृतातच सोडून आलो.)

परतफेड कर्जाची होते. इथे उसनं कुणी घेतलं होतं? 1860च्या दशकात हडसन्स बे या फरचा व्यापार करणाऱ्या कंपनीच्या रॉडरिक मॅकफार्लेनने कॅनडाच्या वायव्येकडच्या फोर्ट अँडरसन ठाण्याहून इनुविआलुइत लोकांचे (हे तिथले इनुइटच) कपडे, हत्यारं अशा सुमारे 300 वस्तू अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाला धाडल्या. 2009 साली त्यांच्यातली वडीलधारी माणसं आणि शिवणकाम जाणणाऱ्या बायका संग्रहालयाच्या मेरीलँडमधल्या गोदामात जाऊन त्या वस्तू बघून आल्या, 2012 साली त्या वस्तूंचं संकेतस्थळ झालं. वस्तू मात्र जागच्या हलल्या नाहीत. ‘परतफेड’ऐवजी ‘प्रत्यावर्तन’ सुचवणाऱ्या पंडितांनीही हे बघावं. शब्द भारदस्त, पण जे मागे फिरलंच नाही त्याचं आवर्तन कसलं?

मला विचाराल तर दोन शब्दांत हा घोळ मिटतो. त्यांना मिळाली ती प्रत, परत नव्हे. हे दोन्ही एकच, असं ठासून सांगणारे भेटतात, साफ चूक. ‘प्रत’ आली ‘प्रति’वरून, म्हणजे समोर, बदल्यात. प्रतिमा, प्रतिनिधी तिचे सख्खे. मग तांदूळ ‘उत्तम प्रतीचा’ कसा? माझा तर्क पोथ्यांचा: एकाच ग्रंथाच्या दहा नकला, एखाद्या लेखनिकाची सुबक, एखाद्याची गचाळ. कुठल्या प्रतीची पोथी, असं विचारता विचारता प्रत म्हणजे दर्जा झाला असणार. कोशकारांनी नाकं मुरडावीत खुशाल.

‘परत’ मात्र ‘वृत्’ धातूच्या घरचा, वळण्याफिरण्याचा. म्हणून तर कांदा परततो, तव्यावरची भाकरी परततो. आणि त्या शिवणाऱ्या बायकांना नेमकं तेच हवं असणार: अंगरखा हातात घ्यायचा, परतायचा, आतल्या बाजूने टाके कसे घातलेत ते बघायचं. गोदामात ते जमतं. पडद्यावर फोटो काढणाऱ्याने जी बाजू टिपली तेवढीच.

तेव्हा ‘डिजिटल प्रत देणे’ म्हणा.