कळलावीचा कंद बाळंतपणात वापरावा का?

प्रश्न : येऊरच्या वाटेवर कुंपणावर चढलेली कळलावी पाहिली. शेजारच्या आजी म्हणतात, तिचा कंद उगाळून बेंबीला आणि तळपायांना लावला की बाळंतीण लवकर सुटते. सुनेला आठवा महिना आहे. लावावा का? कंद कुंडीत लागेल का?
— एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : सुनेला लावू नका, पोटात तर मुळीच नको. कळा आणणारी म्हणूनच ती कळलावी. आजींनी सांगितलेला वापर खरोखरच जुना आहे. पण आयुर्वेदानेही तिला उपविषांत धरलंय आणि गोमूत्रात शोधन केल्याशिवाय वापरायची नाही असं सांगितलंय.

विष म्हणजे कोल्चिसिन. ते सगळ्या झाडात असतं, कंदात आणि बियांत जास्त. संधिवाताच्या एका प्रकारावर याच कोल्चिसिनची गोळी देतात, ती जेमतेम अर्ध्या मिलिग्रॅमची! कंदागणिक प्रमाण बदलतं, त्यामुळे सहाणेवर किती उतरलं हे कुणालाच सांगता येणार नाही.

हे विष पेशींचं विभाजन थांबवतं. म्हणून आतड्याचं अस्तर, अस्थिमज्जा आणि केसांची मुळं आधी सापडतात. रताळं किंवा करांदा समजून कंद खाल्ला तर बहुधा दोन ते सहा तासांनी उलट्या-जुलाब सुरू होतात. मधल्या वेळात माणूस ठणठणीत दिसतो, आणि तिथेच घात होतो. त्रासाची वाट न पाहता रुग्णालय गाठा, उरलेला तुकडा सोबत न्या, घरी उलटी काढू नका. वाचलेल्या रुग्णाचे केस आठ-पंधरा दिवसांनी गळतात.

कुंडीत मात्र खुशाल लावा. येऊरचं जंगल राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथून उपटणं गुन्हा आहे. कंद रोपवाटिकेतून घ्या. मे अखेरीस बारा इंची कुंडीत, निचऱ्याच्या मातीत, दोन इंच खोल आडवा ठेवा. कोंब फक्त टोकाला असतो आणि कंद ठिसूळ. टोक मोडलं की फुटत नाही. पानांची टोकंच वेटोळी होऊन आधार धरतात, म्हणून बारीक काठ्या किंवा जाळी द्या. जाड बांबू त्यांच्या पकडीत येत नाही. वेल पिवळी पडली की पाणी बंद. ओल राहिली तर कंद कुजतो. हातमोजे घाला, मुलांच्या हाती बिया लागू देऊ नका. गौरीला फुलं वाहिलीत तरी नंतर हात धुवा.