बातमीदारीत पडायचं असेल तर आधी कन्नड वाचायला शीक

बेळगावात प्रेस नोट, एफआयआर, जमिनीचा उतारा, बहुतेक सगळं कन्नडमध्ये येतं. दुसऱ्याने तोंडी सांगितलेल्या अर्थावर बातमी देऊ नकोस. मूळ कागद स्वतः वाच.

लिहिताना पहिल्याच वाक्यात काय घडलं ते येऊ दे. ‘खानापूर तालुक्यात पावसाचा जोर’ एवढ्याने वाचकाच्या हाती काय लागतं? मलप्रभा नदीवरचा कुठला पूल पाण्याखाली गेला, कुठल्या गावची एसटी बंद झाली, किती मिलिमीटर पाऊस पडला आणि हा आकडा कुणी दिला, हे हवं. नावं दोनदा विचारून घे.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नावर लिहिताना सर्वात जपून. 1956 ची राज्यपुनर्रचना, 1967 चा महाजन आयोगाचा सीमावादावरचा अहवाल, 2004 पासूनचा सर्वोच्च न्यायालयातला दावा, हे तोंडपाठ असलंच पाहिजे. तुझं मन मराठीच्या बाजूने असणार, माझंही आहे. पण बातमीत कोण काय म्हणालं तेच लिही, आणि समोरच्या बाजूला फोन केल्याशिवाय बातमी संपादकीय डेस्कला पाठवू नकोस. उपसंपादकाने कापलेली ओळ का कापली, हे त्याच संध्याकाळी विचार.