राष्ट्रीय ओळखपत्र सगळ्यांना सक्तीचं करण्याचे फायदे-तोटे काय?

फायदे आधी उरकतो. एकच ओळखपत्र असलं की दर कचेरीत कागदांची चळत न्यावी लागत नाही, बोगस नावांना आळा बसतो. एस्टोनियात 2002 पासून असं कार्ड आहे. त्यावर लोक घरबसल्या सही करतात, मतही देतात.

आता तोटा. वडिलांच्या मागे आईला मिळणारं निवृत्तिवेतन चार महिने अडकलं, कारण ओळखपत्र पडताळणाऱ्या यंत्राला तिचे ठसे जुळेनात. जन्मभर भांडी घासून बोटांवरच्या रेषा झिजल्यात. काचेवर अंगठा ठेवला की लाल दिवा. पदराला पुसून पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. "जोरात दाबा, आजी," कारकून म्हणाला. पाचव्या खेपेला तिने अंगठा जिभेने ओला केला आणि माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू चोरी पकडली गेलीय. तो कारकून तिला दहा वर्षं नावानिशी ओळखत होता. तरी यंत्र नाही म्हणालं म्हणून रिकाम्या हाताने परत.

माझा थोरला भाऊ अजूनही म्हणतो, "ज्याला लपवायचं नाही त्याला भीती कसली?" आईने काय लपवलं होतं? रवांडात बेल्जियन राजवटीने ओळखपत्रावर माणूस हुतू जमातीचा की तुत्सी ते लिहायला लावलं. पुढे 1994 मध्ये रस्त्यारस्त्यांवर नाकी उभी राहिली आणि तो रकाना वाचून माणसं मारली गेली. त्यांनी तरी काय लपवलं होतं?

ब्रिटनने 1939 मध्ये युद्धासाठी कार्डं दिली. युद्ध संपलं, तरी पोलीस ती मागतच राहिले. 1950 मध्ये पोलिसांनी गाडी अडवल्यावर क्लॅरेन्स विलकॉक या चालकाने कार्ड दाखवायला साफ नकार दिला. खटला तो हरला, पण न्यायाधीशांनी पोलिसांच्या या सवयीवरच ताशेरे ओढले. 1952 मध्ये कार्डं बंद झाली.

म्हणून माझं मत सरळ आहे. कोण, कुठे, कशासाठी कार्ड मागू शकतो हे आधी कायद्यात लिहा. जात, धर्म, वंश यांचा रकाना नकोच. आणि यंत्र चुकलं तर पैसे थांबता कामा नयेत. तपास कचेरीने करावा, म्हाताऱ्या माणसाने खेटे का घालायचे?

एक मात्र कबूल करायला हवं. आईकडे जन्माचा दाखला नव्हता, शाळेचाही नाही. तिचा स्वतःचा फोटो आणि नाव असलेला पहिला सरकारी कागद म्हणजे हेच कार्ड. ते नको असं ती कधीच म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण दादा, पुढच्या वेळी तिच्याबरोबर त्या रांगेत तू उभा राहा. मग बोलू.