‘संदर्भसापेक्षता’ की ‘संदर्भाधीनता’?

भाषांतराचा प्रश्न असा आहे: क्वांटम कॉन्टेक्स्च्युॲलिटीला (मोजायच्या राशीची किंमत, सोबत काय मोजलं यापासून वेगळी ठरवता न येणं) ‘संदर्भसापेक्षता’ आणि कंटिन्युअस व्हेरिएबलला (स्थान किंवा संवेग यांसारखी, कोणतीही मधली किंमत घेऊ शकणारी राशी) ‘सतत चल’ म्हणावं का? सोबत परभणीकडचं उदाहरणही आहे: ‘पेरणीला घात आली’ आणि ‘पावसानं घात केला’. संदर्भ बदलला की अर्थ बदलतो, तसंच ना?

तसं नाही. ‘ती’ घात म्हणजे वाफसा, ‘तो’ घात म्हणजे नुकसान. लिंगावरूनच दोन शब्द वेगळे पडतात. क्वांटममध्ये राशी एकच असते. तिच्या निकालांचं प्रमाणही, तिच्यासोबत मोजता येणारं काहीही मोजलं तरी, तेच राहतं. तरीसुद्धा सगळ्या राशींना संदर्भ न बघता एकेक किंमत आधीच नेमून देता येत नाही. कोखेन आणि स्पेकर या गणितज्ञांनी १९६७ मध्ये सिद्ध केलं ते हेच. इथे ‘संदर्भ’ म्हणजे एकत्र मोजता येणाऱ्या राशींचा संच, एवढाच काटेकोर अर्थ घ्यायचा. ‘सापेक्षता’ वाचकाला थेट आइन्स्टाइनकडे नेते, म्हणून ‘संदर्भाधीनता’ बरं. ‘सतत’ बोलण्यात ‘नेहमी’ होतो. गणितात ‘संतत फलन’ आहेच, तेव्हा ‘संतत चल’.

आता संतत चलांवर ही संदर्भाधीनता तपासायची चाचणी. पेरेस-मर्मिन चौकट म्हणजे या दोन भौतिकशास्त्रज्ञांच्या नावाचा तक्ता: नऊ राशी, तीन ओळी, तीन स्तंभ; एका ओळीतल्या किंवा एका स्तंभातल्या राशी एकत्र मोजता येतात. स्थान a ने आणि संवेग b ने सरकवणाऱ्या क्रिया घ्या; ab = πħ असेल (ħ म्हणजे प्लांकचा स्थिरांक भागिले २π) तर एका मोडवर, म्हणजे प्रकाशाच्या एका स्वतंत्र कंपनप्रकारावर, त्यांचा क्रम उलटला की उणे चिन्ह येतं. दोन मोड घेतले की दोन उणे एकमेकांना खातात आणि क्रिया एकत्र मोजता येतात. ओळी-स्तंभांच्या सहा गुणाकारांपैकी पाच +१, शेवटच्या स्तंभाचा −१. तो वजा करून धरलेली सहांची बेरीज क्वांटममध्ये कोणत्याही अवस्थेत ६.

इथे हमखास चूक होते ती मर्यादेत, म्हणजे किमती आधीच नेमलेल्या असत्या तर ही बेरीज जास्तीत जास्त किती झाली असती त्यात. ±१ किमतींसाठीची ४ ही मर्यादा इथे चालत नाही. सरकवणाऱ्या क्रियांच्या किमती एकक वर्तुळावरच्या संमिश्र संख्या असतात, म्हणून मर्यादा ६cos(π/६) = ३√३, म्हणजे सुमारे ५.१९६. फरक जेमतेम ०.८ उरतो, ab थोडं जरी चुकलं तरी तो आक्रसतो. शिवाय होमोडाइन मोजणी (प्रकाश दुसऱ्या संदर्भ-किरणात मिसळून मोजायची नेहमीची पद्धत) प्रकाश शोषून घेते, त्याच मोडवर पुढची मोजणी राहत नाही. म्हणून साहाय्यक क्यूबिटमार्फत (जोडीला घेतलेली दोन पातळ्यांची क्वांटम प्रणाली), मोड न संपवता मोजावं लागतं. आणि तीच राशी मध्ये सोबतीची राशी मोजून पुन्हा मोजली, तर तोच निकाल येतो का, हे तपासल्याशिवाय ‘संदर्भ’ हा शब्द वापरूच नये.