पीएचडीच्या मागं लागू का?

एमएस्सी मायक्रोबायोलॉजी झालेल्या मुलांचे पालक सांगलीत माझ्याकडे करिअरचा सल्ला घ्यायला येतात, तेव्हा प्रश्न ठरलेला असतो. कंपनीत क्वालिटी कंट्रोलची नोकरी मिळतेय, ती सोडून पीएचडीच्या मागं लागावं का? वय तिशीला टेकणार, लग्न लांबणार आणि शेवटी कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची वेळ आली तर? ही भीती खोटी नाही. एका मुलीचं उदाहरण सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी आटपाडीकडची. वडिलांची डाळिंबाची बाग. घरात त्यांना तात्या म्हणतात. त्यांनी बसल्या बसल्या विषयाला हात घातला. "मॅडम, कंपनीचं पत्र आलंय. आन् ही म्हणती, अँटिबायोटिक रेझिस्टन्सवर संशोधन करायचंय. त्यात दवाखाना टाकता येत नाही. मग पाच-सहा वर्षं घालवून हातात काय येणार?"

रेझिस्टन्स म्हणजे जंतूंनी औषधाला न जुमानणं. मुलगी गप्प होती. तात्यांना मी चहा घेऊन यायला सांगितलं, मग ती बोलली. कंपनी की पीएचडी हा तिचा प्रश्नच नव्हता. आपण संशोधनाच्या लायकीचे नाही, असं तिनं मनाशी धरलं होतं.

एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये ती लघवीच्या नमुन्यांत सापडलेल्या ई. कोलाय या जंतूवर डिस्क टेस्ट करत होती. जंतू पसरलेल्या प्लेटवर औषधाच्या चकत्या ठेवायच्या, रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवायचं आणि सकाळी चकतीभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजायचं. वर्तुळ पुरेसं मोठं तर औषध लागू, फार लहान तर जंतू दाद देत नाही. सोबत एक ओळखीचा जंतूही लावतात, ई. कोलाय एटीसीसी २५९२२. त्याचं वर्तुळ ठरलेल्या मर्यादेत आलं तरच बाकीची मापं धरायची. तिच्याकडे हा कंट्रोलच लहान येत होता. कुणाचं लक्ष नव्हतं. तिनंच जाऊन गाइडना सांगितलं आणि तोवरच्या सगळ्या प्लेट्स बाद झाल्या. शोधल्यावर कळलं, प्लेटमधला अगार, म्हणजे ज्यावर जंतू वाढतात तो थर, चार मिलिमीटरपेक्षा जाड ओतला जात होता. पुन्हा करायला वेळ पुरला नाही, प्रबंध तोकडा झाला आणि मैत्रिणींचे भरगच्च तक्ते बघून हिचा धीर खचला.

मी विचारलं, "ही मापं दवाखान्यातल्या रिपोर्टवर गेली असती तर?"

"साधं औषध चाललं असतं तिथं डॉक्टरांनी कार्बापेनेम काढलं असतं," ती चटकन म्हणाली. हे राखून ठेवायचं औषध. ते विनाकारण वापरलं की त्यालाही न जुमानणाऱ्या जंतूंचं फावतं.

अभियोग्यता चाचण्या मीही घेते, पण असा एखादा प्रसंग मला त्यांच्या आलेखापेक्षा जास्त सांगून जातो. स्वतःचं नुकसान होत असताना चुकीचं माप बोलून दाखवणारी मुलगी या क्षेत्रात टिकते, असं माझं मत आहे. तिला ते तसंच सांगितलं.

तात्या परतल्यावर मी बागेचं विचारलं. विषय अर्थातच तेल्याचा, डाळिंबावरच्या जंतूंच्या रोगाचा निघाला. "स्ट्रेप्टोसायक्लिनची पुडी मारली की पहिलं फरक दिसायचा. आता दुप्पट मारून बी हाय तिथंच." आता मुलगी 'हाच तो रेझिस्टन्स' म्हणेल, असं मला वाटलं. पण ती म्हणाली, "तात्या, जंतू औषधाला सरावलाय, पाऊस नडलाय का फवारणी चुकलीय, ते बागेतला जंतू वाढवून तपासल्याशिवाय नाही सांगता येणार." मग तिनं त्या पुडीतल्या स्ट्रेप्टोमायसिनची गोष्ट सांगितली. ते १९४३ मध्ये सापडलं, क्षयावर त्यानं खरा गुण दिला. पण १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत रुग्ण आधी सुधारले आणि मग त्यांच्यातल्या अनेकांचे जंतू औषधाला बधेनासे झाले. क्षयाला आज एकाच वेळी अनेक औषधं देतात, ती त्यामुळेच.

तात्या जरा थांबून म्हणाले, "मग ह्याचं काम असंल की."

काम आहेच. २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे झाल्याचा अंदाज आहे. आपल्याकडे आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, २०१३ पासून मोठ्या रुग्णालयांचं एक जाळं उभं करून अशा जंतूंची नोंद ठेवायला सुरुवात केली. पण काम असणं वेगळं आणि कायम जागा असणं वेगळं, हे मी तात्यांपासून लपवलं नाही. मेडिकल कॉलेजात मायक्रोबायोलॉजीचा मुख्य रस्ता एमडीचा. एमएस्सी-पीएचडीवाल्यांना तिथं शिकवायला घेण्याचे नियम बदलत आलेत, त्या भरवशावर आयुष्य आखू नये. उरतात विद्यापीठं, संशोधन संस्था आणि रुग्णालयांशी जोडलेले प्रकल्प. प्रकल्पांतल्या नेमणुका मुदतीच्या असतात.

माझी एकच अट असते : फेलोशिपशिवाय पीएचडीला हात घालायचा नाही. सीएसआयआर-यूजीसीची नेट परीक्षा, आयसीएमआर किंवा केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग (डीबीटी), कुठूनही जेआरएफ ही फेलोशिप मिळाली तर २०२३ पासूनच्या दरानं पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढं ४२,०००, घरभाडं वेगळं. कंपनी देत होती त्यापेक्षा हे जास्त होतं. तात्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. गाइड निवडताना त्यांचे शोधनिबंध मोजण्याआधी जुन्या विद्यार्थ्यांना फोन करायचा. किती वर्षं लागली, आता कुठं आहेत? रुग्णालयातून नमुने मिळायची लेखी सोय आणि एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का? यापायी वर्ष वर्ष वाया गेलेली मुलं मी पाहिली आहेत.

लग्नाचं म्हणाल, तर शिक्षण सोडायची अट घालणारं स्थळ लवकर कळलेलं बरं, एवढंच मी बोलले. तात्या हसले. पटलं असं नाही.

ती कंपनीत रुजू झाली. बॉण्ड नाही हे आधी पाहून घेतलं होतं. पहिल्या खेपेला नेट निघाली पण जेआरएफ हुकली, नंतर तीही मिळाली. कंपनीतली नोंदवहीची शिस्त आता पीएचडीत कामी येतेय, म्हणते. खाडाखोड करायची नाही, चुकीवर एक रेघ मारून सही-तारीख घालायची. विषय तिनं लघवीच्या संसर्गाचाच घेतलाय.

तात्या अधूनमधून फोन करून विचारतात, "कायम कधी होणार ही?" तारीख मला सांगता येत नाही. पीएचडीच्या शेवटच्या वर्षापर्यंत जागा दिसली नाही, तर निदानाची किट किंवा लशी बनवणाऱ्या कंपन्यांत अर्ज करायचे, असं तिचं ठरलंय आणि ते तात्यांनाही माहीत आहे.