ईएन शून्यावर, तरी आउटपुटला साडेतीन व्होल्ट

प्रश्न : आमची केळी आहे. ठिबकच्या एका प्लॉटसाठी १२ व्होल्टचा लॅचिंग सोलेनॉइड व्हॉल्व्ह आणला. सोबत एक १८६५० लिथियम सेल, ३.३ व्होल्टचा आर्डुइनो प्रो मिनी हा छोटा कंट्रोलर बोर्ड आणि एमटी ३६०८ चं व्होल्टेज वाढवणारं बूस्ट मॉड्यूल आहे. मॉड्यूलवरच्या आयसीची ईएन (चालू-बंद करणारी) पिन उचलून आर्डुइनोला जोडली. ती शून्यावर नेली तरी आउटपुटला साडेतीन व्होल्ट दिसतात. मॉड्यूल गेलंय का? मित्र म्हणतो, फीडबॅकला (आउटपुट मोजणाऱ्या पिनेला) पीडब्ल्यूएम, म्हणजे भराभर चालू-बंद होणारा सिग्नल दे, व्होल्टेज हवं तेवढं उतरवता येईल.
— एक वाचक, रावेर तालुका

उत्तर : मॉड्यूल ठणठणीत आहे. ईएन खाली गेली की आयसीच्या आतला स्विच थांबतो, पण सेलपासून आउटपुटपर्यंतची वाट उघडीच राहते : सेल, कॉइल, डायोड, आउटपुट. तुम्हाला दिसतंय ते सेलचं व्होल्टेज, डायोडवरची घट वजा करून. प्रत्येक साध्या बूस्ट सर्किटमध्ये हे असंच असतं. पूर्ण शून्य हवं असेल तर मॉड्यूलच्या आधी पी-चॅनल मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) टाकावा लागतो.

तुम्हाला मात्र त्याची गरज नाही. लॅचिंग व्हॉल्व्हला सतत वीज लागत नाही. एका दिशेने क्षणभर पल्स दिला की उघडतो, उलट दिशेने दिला की मिटतो. म्हणून बूस्टच्या आउटपुटला ४७०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर लावा आणि त्यापुढे एच-ब्रिज, म्हणजे विजेची दिशा उलटवणारं सर्किट. प्रोग्रॅममध्ये क्रम असा ठेवा : ईएन वर, कपॅसिटर १२ व्होल्टला भरला की ईएन खाली, मग पल्स. कपॅसिटर भरला का ते १०० किलोओहम आणि २२ किलोओहमच्या डिव्हायडरने (व्होल्टेज विभागणारी रेझिस्टरची जोडी) आर्डुइनोच्या एडीसीवर, म्हणजे व्होल्टेज मोजणाऱ्या पिनेवर वाचा. १२ व्होल्टला तिथे साधारण २.१६ व्होल्ट मिळतात.

पल्सच्या आधी ईएन खाली नेणं मला फार महत्त्वाचं वाटतं. बूस्ट चालू असताना व्हॉल्व्हने ओढ घेतली, तर तो सगळा भार सेलवर जातो, सेलचं व्होल्टेज बसतं आणि आर्डुइनो ऐन पल्समध्येच रिसेट होतो. व्हॉल्व्हची कॉइल ६ ओहमची असेल तर २८ मिलिसेकंदांत कपॅसिटर साडेचार व्होल्टपर्यंत उतरतो. पल्स त्याहून फार लांबवला की डायोडमार्गे पुन्हा सेलच ओढला जातो. व्हॉल्व्हच्या माहितीपत्रकात मोठा पल्स सांगितला असेल तर कपॅसिटर वाढवा.

मित्राची युक्ती खरी आहे, पण या कामाची नाही. या आयसीचा फीडबॅक ०.६ व्होल्टवर स्थिर राहतो. मॉड्यूलवर खालचा रेझिस्टर २.२ किलोओहमचा असेल तर १२ व्होल्टसाठी निळा पेच (व्होल्टेज ठरवणारा बदलता रेझिस्टर) सुमारे ४२ किलोओहमवर येतो. फीडबॅकला १० किलोओहम, १० मायक्रोफॅरडची गाळणी (पीडब्ल्यूएम सपाट करणारी) आणि पुढे ४७ किलोओहम जोडून पीडब्ल्यूएम दिला, तर आउटपुट साधारण १० ते १२.४ व्होल्टमध्ये फिरतं. तेही उलटं : पीडब्ल्यूएम वाढला की आउटपुट उतरतं, पिन शून्यावर अडकली की सर्वांत जास्त व्होल्टेज मिळतं. एलईडीचा उजेड कमी-जास्त करायला हे छान. व्हॉल्व्हला ठरावीक १२ व्होल्टच हवेत.

ईएन आणि ग्राउंड यांच्यामध्ये १०० किलोओहमचा रेझिस्टर विसरू नका. आर्डुइनो सुरू होताना त्याच्या पिना अधांतरी असतात. आपल्याकडे शेतीची लाइन कितीदा रात्रीच येते, पंप चालू असताना बागेत कुणी नसतं. अशा वेळी बूस्ट आपोआप चालू होता कामा नये.

आणि कपॅसिटर १०५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारा घ्या. मे महिन्यात रावेर-यावलच्या उन्हात बंद डबा बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. लिथियम सेलला ती उष्णता मुळीच सोसत नाही, तेव्हा डबा केळीच्या सावलीत बांधा.