अडतीचे सॉफ्टवेअर लिनक्सवर हवे असेल तर

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात आमचे हळद आणि बेदाण्याच्या अडतीचे दुकान आहे. दुकानातील संगणक जुने असल्याने त्यांवर विंडोज ११ चालत नाही आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणून पुतण्याने एका संगणकावर उबंटू, म्हणजे विनामूल्य मिळणाऱ्या लिनक्स या संगणक प्रणालीचा एक प्रकार, घालून दिला. पत्रव्यवहार आणि इंटरनेटची कामे त्यावर उत्तम होतात. मात्र सौदे, तोलाई, हमाली आणि शेतकऱ्याची पट्टी (विक्रीचा हिशेब) करणारे आमचे सॉफ्टवेअर त्यावर चालत नाही. विक्रेता म्हणतो, “लिनक्स कोणी मागतच नाही.” त्याला कसे पटवावे?
एक अडत व्यापारी, सांगली

उत्तर : विक्रेत्याचे हे उत्तर आपल्याला टाळाटाळीचे वाटले असेल, पण त्याच्या दृष्टीने ते बहुधा खरे असते. गिऱ्हाईक अडचण सोसते, फोनवर कुरकुर करते आणि वर्ष संपले की देखभालीचा करार मुकाट्याने पुन्हा करते. अशा गिऱ्हाइकाची मागणी कंपनीत कोठेही नोंदली जात नाही. म्हणून आपली मागणी लेखी द्यावी आणि ती कराराच्या नूतनीकरणाआधी महिना-दोन महिने द्यावी, कारण आपले म्हणणे मनावर घेण्याची विक्रेत्याला त्याच काळात खरी गरज असते.

एकट्या दुकानाच्या पत्राने मात्र फारसे साधणार नाही, आणि माझा सर्वाधिक भर याच मुद्द्यावर आहे. नवी आवृत्ती करायची तर प्रोग्रामरचे काही महिने खर्ची पडतात. तो खर्च एका गिऱ्हाइकावर टाकता येत नाही, तीस-चाळीस गिऱ्हाइकांवर टाकता येतो. यार्डात हेच सॉफ्टवेअर वापरणारी इतर दुकाने असतील, तासगावच्या बेदाणा व्यापाऱ्यांतही असतील, आणि जुन्या संगणकांचा प्रश्न त्यांच्यापुढेही उभा असेल. व्यापाऱ्यांच्या संघटनेमार्फत एकच पत्र जावे. त्यात किती दुकाने, किती संगणक आणि लिनक्सवरील आवृत्तीसाठी प्रत्येक जण किती रक्कम देण्यास तयार आहे, हे स्पष्ट असावे. प्रणाली विनामूल्य मिळते म्हणून ही मंडळी सॉफ्टवेअरही विनामूल्य मागतील, अशी धास्ती अनेक विक्रेत्यांना असते, आणि ती रकमेच्या आकड्यानेच जाते. मुक्त प्रणालीमागील विचार मला मनापासून मोलाचा वाटतो, तरीही या पत्रात तो मांडू नये आणि सोर्स कोडही (प्रोग्रामची मूळ संहिता) मागू नये. एका पत्रात एकच मागणी असावी.

“लिनक्सचे इतके प्रकार, त्यांतल्या कोणत्या प्रकाराला आधार द्यायचा?” ही विक्रेत्याची शंका रास्त आहे. तिचे उत्तर आपणच द्यावे : सर्वांनी मिळून उबंटू २४.०४ सारखी, पाच वर्षे अद्यतने मिळणारी एकच आवृत्ती ठरवावी आणि तेवढ्यावरच आधार मागावा.

खरी अडचण सॉफ्टवेअर कशात लिहिले आहे यावर अवलंबून असते. ते व्हिज्युअल बेसिक ६ या केवळ विंडोजसाठीच्या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत असेल तर नव्याने लिहिण्याला पर्याय नाही, आणि त्यासाठी विक्रेत्याला पुरेसा वेळ द्यावा लागेल. डॉट नेट या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रामिंग व्यवस्थेत असेल तर काम हलके होते, कारण २०१६ पासून डॉट नेट लिनक्सवरही चालते आणि २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने नोंदी साठवणारा आपला एसक्यूएल सर्व्हर लिनक्सवर आणला. हिशेबाचा बराचसा भाग तसाच नेता येतो, पडद्यावरचे फॉर्म आणि छपाई पुन्हा करावी लागते. नवे लिहायचेच असेल तर ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्ती मागावी, म्हणजे पुढे प्रणालीचा प्रश्नच फारसा उरत नाही. तोवर मधली वाट म्हणून वाइन हा प्रोग्राम आहे. १९९३ पासून विकसित होत आलेल्या वाइनमुळे विंडोजची पुष्कळ सॉफ्टवेअरे लिनक्सवर चालतात. त्याच्याच आधारे व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये प्रोटॉन आणले आणि विंडोजसाठी केलेले हजारो खेळ लिनक्सवर चालू लागले. आपले सॉफ्टवेअर वाइनवर तपासून पाहावे, आणि ते चालले तर अडचणीच्या वेळी फोन उचलण्याचे लेखी आश्वासन विक्रेत्याकडून घ्यावे. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवरची पट्टी आणि युनिकोड (सर्व संगणकांवर सारखीच वाचली जाणारी अक्षरपद्धती) नसलेले जुने मराठी फॉन्ट, या दोन ठिकाणी गाडी अडण्याचा संभव अधिक आहे. ऐन हंगाम सोडून इतर काळात आपले दुकान चाचणीसाठी देऊ केले, तर विक्रेत्याचा मोठा भार हलका होईल.

विक्रेता यांतल्या कशालाही तयार झाला नाही, तरी एक सोय त्याच्याकडून जरूर घ्यावी : खातेदारांच्या नोंदी, जुन्या पट्ट्या आणि येणे-देणे सीएसव्हीसारख्या (स्वल्पविरामांनी विभागलेली साधी मजकूर-फाइल) खुल्या स्वरूपात, मराठी नावे युनिकोडमध्ये ठेवून, बाहेर काढता यावे. हे काम आजच्या विंडोज आवृत्तीतही होऊ शकते, आणि ते झाले की दुसऱ्या विक्रेत्याकडे भाव विचारायला जाताना आपला सारा हिशेब आपल्याच हाती असेल.